आपले प्रश्न : टाकी गळते, वात जळते

मागील अंकात डास पळवणाऱ्या विजेच्या यंत्रातील वात काळी का पडते, या प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो की ई-सिगारेटची, म्हणजे बॅटरीवर निकोटीनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याच्या यंत्राची, टाकीही याच तत्त्वावर चालते : वातीतून द्रव चढतो आणि उष्णतेने त्याची वाफ होते. त्या एका वाक्यावर परदेशी राहणाऱ्या, मूळच्या बडोद्याच्या वाचकांची इतकी पत्रे आली की या खेपेस मिक्सर, कुकर आणि गीझर यांना रजा देऊन सगळे सदर या एकाच विषयाला द्यावे लागत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १८ सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. त्यामुळे पुढील उत्तरे ब्रिटनसारख्या ज्या देशांत ही वस्तू प्रौढांना कायद्याने विकत घेता येते, तेथील वाचकांसाठी आहेत. जो ओढत नाही त्याने हे वाचून ओढायला लागावे, असे यात काही नाही. निकोटीनचे व्यसन टाकीतून आले काय किंवा विडीतून आले काय, ते व्यसनच. परंतु ज्यांनी सिगारेट सोडण्यासाठी ही वस्तू हातात घेतली आहे, त्यांनी ती मळकी, गळकी आणि जळकी वापरावी, हेही मला पटत नाही.

मी स्वतः हे यंत्र कधी ओढलेले नाही. मात्र नोकरीची बरीच वर्षे औषध कारखान्याच्या देखभाल विभागात गेल्यामुळे ज्यांच्या मिश्रणाने ही टाकी भरतात त्या ग्लिसरिन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल या दोन द्रवांशी माझी जुनी ओळख आहे, आणि मुलीकडे ब्रिटनमध्ये लेस्टरला काही महिने राहिलो तेव्हा शेजारपाजारच्या मंडळींनी आणून दिलेली सहा-सात यंत्रे मी हौसेने उघडून पाहिली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी मूळचा दांडिया बाजारचा, सध्या लेस्टरला असतो. बावीस वर्षांची सिगारेट दोन वर्षांपूर्वी सोडली आणि तेव्हापासून पुन्हा भरता येणारी टाकी वापरतो. इतके दिवस ०.५ ओहम विद्युतरोधाची कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, होती. गेल्या महिन्यात दुकानात ती संपली होती, म्हणून त्याच बनावटीची १.२ ओहमची आणली. टाकी स्वच्छ धुतली, कॉइल बसवली, नेहमीचा सत्तर टक्के ग्लिसरिनचा द्रव भरला, आणि पहिल्याच झुरक्याला जळक्या फडक्यासारखी चव आली. चार वेळा धुऊनही ती जात नाही. दुकानदार म्हणतो, कॉइलमध्ये दोष नाही. — एक वाचक, लेस्टर

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बरोबर असावे. दोष टाकीतही नाही, म्हणून तो धुऊन जाणार नाही.

देवापुढची समई डोळ्यांसमोर आणावी. तेल वातीतून वर चढत असते तोवर ज्योत तेल जाळते आणि वात शाबूत राहते. तेल चढणे थांबले की ज्योत वातीलाच लागते आणि काजळी धरते. तुमच्या कॉइलमध्ये धातूच्या तारेभोवती, किंवा जाळीभोवती, कापूस गुंडाळलेला असतो. कॉइलच्या नळीला असलेल्या बारीक भोकांतून द्रव त्या कापसात शिरतो, तार तापते, द्रवाची वाफ होते, आणि वाफ होताना द्रव तारेची उष्णता काढून घेत असल्यामुळे कापूस सुरक्षित राहतो. ज्या वेगाने वाफ होते त्या वेगाने नवा द्रव आत आला पाहिजे. या टाक्यांच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी या एकाच हिशेबात कुठेतरी तूट किंवा वाढ झाल्यामुळे येतात. द्रव कमी पडला तर वात जळते, जास्त झाला तर टाकी गुरगुरते आणि गळते.

तुमच्याकडे तूट दोन्ही बाजूंनी आलेली दिसते. पहिली बाजू विजेची. यंत्र किती वॉटवर लावले होते ते तुम्ही लिहिलेले नाही, पण ०.५ ओहमची कॉइल साधारणपणे २५ ते ३५ वॉटवर चालवतात, तर १.२ ओहमच्या कॉइलवर बहुधा १० ते १४ वॉट असा आकडा कोरलेला असतो. कॉइल बदलली आणि आकडा २८ वर तसाच राहिला, तर नव्या कॉइलला झेपेल त्याच्या दुपटीने उष्णता मिळाली. ज्या यंत्रांत वॉट हाताने ठरवायचे असतात, ती यंत्रे मागितलेले वॉट देण्यासाठी व्होल्टेज आपोआप चढवतात. २८ वॉटसाठी ०.५ ओहमला सुमारे ३.७ व्होल्ट पुरतात, तर १.२ ओहमला सुमारे ५.८ लागतात, आणि यंत्र ते निमूटपणे देते. म्हणून नवी कॉइल बसवताना तिच्या अंगावरचा आकडा भिंग लावून वाचावा, यंत्र त्यातील सर्वांत खालच्या वॉटवर आणावे आणि मगच हळूहळू वर न्यावे.

दुसरी बाजू द्रवाची. ग्लिसरिन हे काकवीसारखे दाट, तर प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ. जास्त ओहमच्या कॉइलची भोके लहान असतात आणि ती दोन्ही द्रव्ये निम्मी-निम्मी असलेल्या पातळ मिश्रणासाठी केलेली असतात. सत्तर टक्के ग्लिसरिनचा द्रव त्या भोकांतून पुरेशा वेगाने आत जात नाही. त्यातून तुमच्याकडे थंडी. थंडीत ग्लिसरिन आणखी दाट होते, त्यामुळे उन्हाळ्यात नीट चालणारी जोडी डिसेंबरमध्ये जळकी चव देऊ लागल्याची तक्रार मी तेथे दोघांकडून ऐकली. यंत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवले की फरक पडतो.

जळालेला कापूस कशानेही पूर्ववत होत नाही, तेव्हा ही कॉइल टाकून द्यावी. नवी बसवण्यापूर्वी तिच्या बाजूच्या भोकांवर दिसणाऱ्या कापसावर आणि वरच्या तोंडातून आत द्रवाचे तीन-चार थेंब सोडावेत, टाकी भरावी आणि किमान दहा मिनिटे यंत्राला हात लावू नये. मग बटण न दाबता दोन-तीन वेळा हलकेच हवा ओढावी, म्हणजे द्रव कापसाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. नव्या कॉइलचा पहिल्या मिनिटातच झालेला मृत्यू हा या दहा मिनिटांच्या घाईमुळे झालेला असतो, असे मला बहुतेक वेळा आढळले.

आणखी एक, आणि हे चवीपेक्षा महत्त्वाचे. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला आणि ग्लिसरिन २९० अंशांना उकळते. कोरड्या वातीवर तार त्यापुढे तापते आणि ग्लिसरिनचे विघटन होऊन अॅक्रोलिन हा घशाला व डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. कढईतील तेल विसरल्यावर स्वयंपाकघरात जो डोळे चुरचुरवणारा धूर कोंडतो, त्यातही तोच असतो. फॉर्माल्डिहाइडही अशाच अति तापण्यातून येते. म्हणून जळकी चव आल्यावर ‘दोन झुरक्यांनी जाईल’ असे म्हणून ओढत राहू नये. त्याच क्षणी थांबावे.

प्रश्न : काका, सा. न. माझे माहेर बडोद्याच्या वाडी भागातले, आता आम्ही लंडनमध्ये हॅरोला असतो. आमच्या ह्यांच्या शर्टाचा खिसा रोज चिकट झालेला असतो. टाकी खालून पाझरते, ओढताना हुक्क्यासारखा गुरगुर आवाज येतो आणि कधीकधी तोंडात कडू थेंब येतो. स्पेनला गेलो तेव्हा विमानात तर सगळी टाकी रिकामी झाली. नवी टाकी आणावी का? — एक वाचक, हॅरो

उत्तर : नवी टाकी आणण्याआधी जुनीला दहा मिनिटे द्यावीत.

लहान मुलांना औषध देण्याचा काचेचा ड्रॉपर आठवावा. त्याचे वरचे तोंड बोटाने दाबून धरले की खालून थेंब पडत नाही. बोट उचलले की सगळे औषध खाली येते. टाकी याच युक्तीवर द्रव धरून ठेवते. वरून ती हवाबंद असते, द्रव वापरला जाईल तसा वरच्या रिकाम्या जागेत हवेचा दाब किंचित कमी राहतो आणि तो दाब द्रवाला कॉइलच्या भोकांतून बेसुमार वाहू देत नाही. वरून कोठेही हवा शिरली की खालून गळती सुरू होते. त्यामुळे टाकी खालून पाझरत असली तरी पुष्कळदा दोष वरच्या झाकणात सापडतो, आणि हे लक्षात न आल्यामुळे लोक बिचाऱ्या तळाला पिळत बसतात.

प्रथम टाकी बॅटरीपासून वेगळी करून तिचे सर्व भाग सुटे करावेत. काचेच्या वर आणि खाली, झाकणात, कॉइलच्या बुडाशी आणि ओढण्याच्या नळीवर अशा सिलिकोनच्या बारीक कड्या असतात, ज्यांना ओ-रिंग म्हणतात. नळाच्या वायसरचे जे काम, तेच यांचे. एखादी कडी चिरलेली, दुमडलेली किंवा धुताना मोरीत वाहून गेलेली आढळेल. टाकीच्या डब्यात बहुधा जादा कड्या दिलेल्या असतात. त्या डब्यासकट फेकून देण्याची सवय सार्वत्रिक आहे. नवी कडी बसवताना तिला त्याच द्रवाचे बोट लावावे, म्हणजे ती पीळ न पडता बसते. काचेला उजेडात धरून केसासारखी चीर आहे का तेही पाहावे. कॉइल हाताने पुरेशी घट्ट करावी, पकडीने नव्हे.

मग भरण्याची पद्धत. वरचे झाकण उघडताच ड्रॉपरवरचे बोट उचलल्यासारखे होते, म्हणून भरण्यापूर्वी हवेची कडी, म्हणजे हवा आत येण्याची भोके उघडझाक करणारी फिरती कडी, पूर्ण बंद करावी. बाटलीचे टोक कडेच्या भोकात घालावे, मधल्या नळीत नव्हे. मधली नळी ही वाफेची वाट आहे, आणि तिच्यात गेलेला प्रत्येक थेंब पुढे गुरगुरतो. काठोकाठ न भरता वर हवेचा एक बुडबुडा राहू द्यावा. झाकण लावून टाकी क्षणभर उलटी धरावी, हवेची कडी उघडावी आणि मग सरळ करावी.

आता ती गुरगुर. तिचा अर्थ असा की नळीत आणि कॉइलमध्ये द्रव साचला आहे. टाकी बॅटरीवरून काढून तिच्या बुडाशी कागदी रुमाल धरावा आणि नळीतून हलकेच फुंकावे; साचलेला द्रव रुमालावर येईल. नळीच्या आतून कागदाची सुरळी फिरवावी. त्यानंतरही आवाज राहिला तर वॉट फार कमी आहेत का ते पाहावे, कारण वाफ होण्याचा वेग द्रव येण्याच्या वेगापेक्षा कमी पडला तरीही कॉइल बुडते. आपल्या लेस्टरच्या वाचकांच्या नेमका उलटा रोग हा. फार पातळ द्रव मोठ्या भोकांच्या कॉइलमध्ये घातला तरी हेच होते. यजमानांना हेही सांगावे की ओढताना उसाचा रस स्ट्रॉने ओढल्यासारखा जोर करू नये.

विमानातील घटनेत टाकीचा काही दोष नाही. उडत्या विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतकाच ठेवलेला असतो, म्हणून अर्धवट भरलेल्या टाकीतील कोंडलेली हवा फुगते आणि द्रवाला बाहेर ढकलते. उड्डाणापूर्वी टाकी रिकामी करावी, आणि यंत्र सामानाच्या पेटीत न टाकता केबिनमध्ये जवळच्या पिशवीत न्यावे, कारण त्यातील लिथियम बॅटरीसंबंधी विमान कंपन्यांचा नियम तसाच आहे.

शर्टांविषयी. खिशाला लागते ते तेल नव्हे, पाण्यात विरघळणारे द्रव्य आहे, त्यामुळे डाग निघेल. परंतु त्यात निकोटीन असते आणि ते कातडीतून शरीरात जाते. चिकट शर्ट मुलांच्या कपड्यांत न भिजवता आधी वेगळा वाहत्या पाण्याखाली धरावा आणि आपण हात साबणाने धुवावेत.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला शिकणारा विद्यार्थी आहे, घर प्रतापनगरला. बडीशेपेच्या चवीचा द्रव वापरला होता, त्याचा वास टाकीतून जाईना म्हणून सगळे भाग, कॉइलसकट, खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटे उकळले. टाकी प्लॅस्टिकची होती, ती दुधी झाली आणि तिला जाळीसारख्या चिरा पडल्या. वास मात्र अजून आहे. टाकी धुण्याची योग्य पद्धत कोणती, आणि किती दिवसांनी धुवावी? — एक विद्यार्थी

उत्तर : आपल्या घरची उकळण्याची रीत बाटल्यांना आणि बरण्यांना लागू पडते म्हणून ती सगळ्यांनाच लागू पडेल असे नाही. तरी दोष एकट्या उकळत्या पाण्याचा नाही. बडीशेप, दालचिनी, लिंबूवर्गीय फळे यांच्या सुगंधी द्रव्यांमुळे काही पारदर्शक प्लॅस्टिके तडकतात, ही या टाक्यांची माहीत असलेली खोड आहे. अशा चवींसाठी काचेची टाकी घ्यावी. सध्याची दुधी टाकी टाकून द्यावी. तडकलेल्या प्लॅस्टिकला उपाय नाही.

धुण्याचे काम मुळात सोपे आहे, कारण टाकीत भरलेली दोन्ही मुख्य द्रव्ये पाण्यात सहज विरघळतात. कारखान्यात प्रॉपिलीन ग्लायकॉलचे पंप आणि नळ्या आम्ही कोमट पाण्याने धुऊन काढत असू आणि त्यासाठी कधीही दुसऱ्या द्रावणाची गरज पडली नाही. टाकी बॅटरीवरून काढावी, उरलेला द्रव टिशू कागदावर टिपून घ्यावा, कॉइल बाजूला ठेवावी आणि बाकीचे भाग हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. सिंकच्या जाळीवर आधी फडके अंथरावे. ओ-रिंगा वाहून गेल्याची कथा वर आलीच आहे. आट्यांमध्ये आणि हवेच्या छिद्रांत मऊ दातब्रश फिरवावा, नळीतून कापसाची काडी न्यावी. साबणाचा अंश राहिला तर तोच पुढे छातीत जायचा, म्हणून वाहत्या पाण्याखाली दोनदा खळबळावे. मग भाग झटकून, पुसून, फडक्यावर रात्रभर वाळत ठेवावेत. ओली टाकी जोडली तर पाण्याचा थेंब तापलेल्या तारेवर तडतडतो आणि गरम शिंतोडा जिभेवर येतो.

लंडनसारख्या जड पाण्याच्या गावी काचेवर पांढरे ठिपके राहतात, ते बडोद्यात बोअरच्या पाण्याने तांब्यावर राहतात तसेच, क्षारांचे. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसले की निघतात. वासासाठी सोडा ठीक आहे, पण कोमट पाण्यात आणि तासभर भिजवून. वास खरे म्हणजे काचेत किंवा पोलादात मुरत नाही, तो सिलिकोनच्या कड्यांत मुरतो. तेव्हा सगळी टाकी रगडण्यापेक्षा आठ-दहा कड्या बदलणे स्वस्त पडते. घडियाळी पोळेतील सराफ दागिने ज्या कंप पावणाऱ्या पाण्याच्या यंत्रात धुतात, तसे लहान यंत्र तुमच्या तिकडे घरगुती वापरासाठी मिळते आणि आट्यांतला मळ त्याने छान निघतो. ते विकत आणण्याइतका मात्र हा विषय मोठा नाही.

कॉइल धुऊ नये. कापसात आणि तारेवर जो काळा थर जमतो तो बहुतांशी द्रवातील गोडव्याचा, विशेषतः सुक्रालोजचा, करपलेला पाक असतो. पाण्याने त्याचा वरचा भाग सुटतो, मूळ थर राहतो आणि भिजलेला कापूस आतून वाळायला दिवस लागतो. एवढे करून कॉइल दोन दिवस चालते, कधी तेवढीही नाही. साधारणपणे कॉइल एक ते दोन आठवड्यांत बदलावी लागते. द्रव जितका गोड आणि गडद तितकी लवकर. टाकी त्याच वेळी धुवावी, म्हणजे वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही. चव बदलायची असेल तेव्हाही धुवावी.

द्रवाचा रंग महिन्याभरात पिवळ्याचा तपकिरी झाला तर घाबरू नये. निकोटीनला हवा आणि उजेड लागला की तसे होते. बाटली कपाटात, अंधारात ठेवावी.

प्रश्न : बाजारच्या द्रवाची चव नको वाटते. टाकीत केवड्याचा अर्क किंवा सर्दी असताना निलगिरी तेलाचे दोन थेंब टाकले तर चालेल का? — एक वाचक, वेम्बली

उत्तर : अजिबात नाही. आपण निलगिरीची वाफ घेतो तेव्हा पातेल्यातल्या पाण्याची वाफ तेलाचा सुगंध घेऊन वर येते. तापलेल्या तारेवर तेल टाकून त्याचा धूर छातीत ओढणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात साठून गंभीर आजार होऊ शकतो. अमेरिकेत २०१९ साली अशा यंत्रांमुळे फुप्फुसांच्या विकाराची जी साथ आली, तिच्या तपासात गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटचा, म्हणजे एका तेलकट पदार्थाचाच, संबंध आढळला. अत्तर, खाण्याचा इसेन्स, गुलाबपाणी, मध, साखर यांपैकी काहीही टाकीत घालू नये. खाण्यासाठी योग्य असलेली वस्तू श्वासातून घेण्यासाठी योग्य असतेच असे नाही.

प्रश्न : धुऊन जोडल्यावर यंत्राच्या पडद्यावर कॉइल सापडत नाही असा संदेश येतो. बॅटरी पूर्ण भरलेली आहे. — एक वाचक, लीड्स

उत्तर : टाकीच्या बुडाच्या मध्यभागी आणि बॅटरीच्या खोबणीत जी लहान धातूची टाचणी असते, ती दोन्हीकडे पुसावी. तिथे चिकट द्रवाचा थर बसलेला असेल. कापसाच्या काडीवर किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग कॉइल आट्यांत तिरकी तर चढलेली नाही ना, ते पाहावे. तरीही संदेश गेला नाही तर दुसरी कॉइल लावून पाहावी. ती चालली तर पहिली टाकावी. टाचणी सुरीने उचकटून वर काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. बॅटरी सुटी असेल तर तिचे प्लॅस्टिकचे आवरण याच निमित्ताने तपासावे. ते फाटलेले असल्यास बॅटरी वापरू नये, आणि सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाणी असलेल्या खिशात कधीही ठेवू नये. शॉर्ट होऊन आग लागते.

प्रश्न : माझा मुलगा दिवाळीला बडोद्याला येणार आहे. त्याचे हे यंत्र तो बरोबर आणू शकतो का? शिवाय, फार पूर्वी तो येऊन गेला तेव्हाची द्रवाची एक अर्धी बाटली आणि एक टाकी मला काल कपाट आवरताना सापडली. घरात तीन वर्षांची नात आहे. त्यांचे काय करू? — एक आई, कारेलीबाग

उत्तर : मुलाला आणू नको म्हणून आजच कळवावे. कायद्याने आयातीला बंदी आहे आणि स्वतःपुरते एकच यंत्र आहे, ही सबब विमानतळावर वादाचा विषय होते; सणाला घरी येणाऱ्या मुलाने तो वाद का ओढवून घ्यावा? या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसत्या साठवणीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इथल्या मुक्कामात निकोटीनची तलफ कशी सांभाळावी हे त्याने निघण्यापूर्वी तिकडच्या डॉक्टरांना विचारावे. निकोटीनचे च्युइंगम आणि चिकटपट्ट्या याच कामासाठी असतात.

बाटलीचे काम मात्र आजच करावे. ब्रिटनमध्ये निकोटीनच्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी आणि त्यातील निकोटीन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही, तर टाकी २ मिलिलिटरची मर्यादा ओलांडू शकत नाही. या मर्यादेतली अर्धी बाटलीही तीव्र द्रवाची असेल तर तिच्यात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन असू शकते, आणि तीन वर्षांच्या मुलाला ते जिवावर बेतण्याइतके आहे. त्यातून त्या द्रवाला फळांचा आणि गोळ्यांचा वास येतो. रबरी हातमोजे घालावेत, टाकीतील द्रव जुन्या फडक्यात टिपून घ्यावा, बाटली उघडू नये. फडके, टाकी आणि बाटली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ती दुसऱ्या पिशवीत घालून, मुदत संपलेली औषधे आणि फुटलेले बल्ब आपण ज्या घातक कचऱ्यात देतो त्यात द्यावी. द्रव मोरीत किंवा कुंडीत ओतू नये. यंत्राची बॅटरीही सापडली तर ती या पिशवीत न घालता विजेच्या वस्तूंच्या कचऱ्यात वेगळी द्यावी, कारण कचऱ्याच्या गाडीत दाबली गेल्यास ती पेट घेते.

नातीच्या हाती ती बाटली आधीच लागली असेल अशी पुसट शंका जरी असली, किंवा तिला उलटी, लाळ सुटणे, घाम, गरगरणे किंवा छातीत धडधड यांपैकी काही झाले, तर घरगुती उपाय करत बसू नये, उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे, म्हणजे तिच्यावरचा निकोटीनचा आकडा डॉक्टरांना वाचता येईल.